दोघांपुरती शेगडी

४ एप्रिल, शनिवार

बार्बेक्यू घ्यायचा ठरवलं. कोळशावरचा. कडक आचेवर भाजताही येईल आणि झाकण लावून धुरावर मंद शिजवताही येईल, असा एकच.

कारण लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणी विचारलं तर सांगता येईल. खालच्या मजल्यावर दीर-जाऊ आणि सासरे, वर आम्ही दोघं, मागचं अंगण सामाईक. नऊ वर्षांत या अंगणात मी एक स्टूलसुद्धा न विचारता ठेवलेलं नाही. आता धाकटीला, म्हणजे जावेला, बढती मिळतेय. ती फरशांच्या कारखान्यात भट्टी सांभाळते. कंपनीचा नवा कारखाना आठ तासांच्या अंतरावर दुसऱ्या शहरात सुरू होतोय आणि तिथल्या भट्टीविभागाची प्रमुख म्हणून तिला विचारलंय. तीस तारखेपर्यंत हो-नाही कळवायचं आहे. हो म्हणेल. न म्हणायला काय झालं? भाऊजी घरी बसून भाषांतरं करतात, त्यांचं टेबल कुठेही मांडता येतं. सासरेही त्यांच्याबरोबरच जातील. म्हणजे जूनपासून अंगण आमचं एकट्यांचं.

खाली जाऊन तिचं अभिनंदन केलं. ती म्हणाली, तिकडे अंगण नाही, चौथ्या मजल्यावर घर मिळणार आहे. चौथा मजला म्हणजे वारा छान असेल, असं मी सांगितलं. ती "हो, वारा असेल" म्हणाली आणि भांडी विसळत राहिली.

मला बरं वाटतंय. खरोखरच बरं वाटतंय.

५ एप्रिल, रविवार

दुकानात गेले. हे आले नाहीत. यांचं म्हणणं, आपल्याला वांगं भाजायचं तर गॅस आहे. यांना मी वांगं म्हटलंच नव्हतं.

दुकानदार गोलमटोल, बोलका. त्याच्याकडे चार जाती आहेत. केटल म्हणजे पायांवर उभा असलेला घुमटासारखा गोल डबा. खाली एक झडप, झाकणावर एक झडप, त्यांतून हवा कमी-जास्त करायची. दुसरं आडवं पिंप, त्याच्या कडेला जाळ करायची वेगळी पेटी. तिसरा उभा नळा, आत पाण्याची परात, खास धुरासाठी. चौथं चिनीमातीचं जाड अंडं, ते एकदा तापलं की दिवसभर तापलेलं.

त्याने पहिलाच प्रश्न विचारला, किती माणसांसाठी? मी म्हटलं, पाच. मग लक्षात आलं आणि दोन म्हटलं. तो म्हणाला, "ताई, पाच आणि दोन यात फार फरक आहे. दोघांना सत्तेचाळीस सेंटिमीटरची केटल पुरते. पाच जणांना सत्तावन्नची लागेल. पाहुणे येतात का?"

पाहुणे असे नाहीत, म्हटलं. त्याने सगळ्यांची माहितीपत्रकं दिली. मापं त्यात आहेत. मापं मिळाली की मला सुचायला लागतं.

७ एप्रिल

कामावर दिवसभर पावसाळी जाकिटांची कापणी. तेहतीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात काढली, त्यातली अठरा कटिंग मास्तर म्हणून. नवीन लोकांना मी एकच सांगते, कापडाला कात्री लावायच्या आधी कागद कापा. कागद चुकला तर कागद जातो, कापड चुकलं तर नोकरी जाते.

मग बार्बेक्यूच्या बाबतीतच कागद का नको? येताना उरलेला खाकी कागद घेऊन आले.

९ एप्रिल, गुरुवार

सुट्टी टाकली. चारही बार्बेक्यू पूर्ण मापाचे कागदात कापले, पुठ्ठ्याची पट्टी लावून उभे केले आणि अंगणात ठेवले. झाकण उघडल्यावर किती मागे जातं तेही वेगळं कापून टाचणीने जोडलं. पिंप भिंतीला लागत होतं. अंडं पायरी आणि नळ यांच्यामध्ये मावतच नव्हतं, दोन-तीन सेंटिमीटरसाठी अडत होतं.

अण्णा, म्हणजे सासरे, खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. ते या प्रकाराला शेगडीच म्हणतात. दुपारी आमच्याकडे जेवतात, रात्री खाली. दोन्हीकडे का, असं कुणी विचारलं तर म्हणतात, एकाच घरचं सारखं खाल्लं तर त्याला नावं कुणापाशी ठेवायची? कागदी शेगड्यांची रांग पाहून त्यांनी विचारलं, यांना आधी ट्रायल द्यायची का?

चारला धाकटी कारखान्यातून आली. दप्तर खांद्यावर तसंच. मला वाटलं हसेल. हसली नाही. अंड्याच्या कागदाभोवती एक चक्कर मारली, माहितीपत्रक वाचलं, पट्टीने मोजलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही चारी बाजूंनी दीड-दीड सेंटिमीटर जास्त धरलंय."

धरलं होतं. शिलाईसाठी. हाताला सवय लागली आहे, कडेला मार्जिन सुटतेच.

"लोखंडाला शिलाई कुठे असते?" ती म्हणाली, आणि मग मात्र हसली. अण्णा एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मीही हसले असेन. मार्जिन कापून टाकल्यावर अंडं बरोबर बसलं.

पुढे ती तासभर थांबली. हवा कुठून आत जाते, कुठून बाहेर पडते, बाहेरची वाट बंद केली की आतला जाळ कसा गुदमरतो, हे तिने कागदावर बाण काढून दाखवलं. भट्टीचंच शास्त्र आहे. रविवारी दुकानात सोबत येते म्हणाली. एवीतेवी जायच्या आधी तिला थोडा वेळ आहेच.

१२ एप्रिल, रविवार

धाकटीबरोबर दुकानात गेले. नऊ वर्षांत आम्ही दोघीच अशा कुठे गेलो, हे बसमध्ये आठवून पाहिलं. एकदा दातांच्या डॉक्टरकडे.

आमचं भांडण कधीच नाही. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. झालं ते एवढंच. ती लग्न होऊन आली त्या महिन्यात मी तिच्यासाठी कोट शिवला. न विचारता, न मोजता, नुसत्या डोळ्यांनी अंदाज घेऊन, कारण मला कामाची घमेंड होती. खांद्यात घट्ट झाला. ती म्हणाली, फार सुंदर आहे. आणि एकदाही घातला नाही. मी कधी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. तेव्हापासून आम्ही एकमेकींशी अतिशय व्यवस्थित वागतो. व्यवस्थित वागणं किती दमवतं ते दमल्यावर कळतं.

दुकानात तिने चिनीमातीच्या अंड्यावर नखाने टकटक केलं आणि कान लावला. भाजलेल्या फरशीत चीर असेल तर आवाज बसका येतो म्हणे. हे चांगलं खणखणीत निघालं. दुकानदार खूश. मग तिने वजन विचारलं. ऐंशी किलो.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "पण घर बदललं तर हे सोबत नेता नाही यायचं. इथंच राहील."

मी म्हटलं, ज्यांना घर बदलायचं नाही त्यांना काय त्याचं. तिने बोट मागे घेतलं आणि अंड्याची किंमत न विचारताच पुढे गेली. मला वाटतं तिला अंडं मनातून आवडलं नसावं.

पिंपाचा पत्रा तिने दोन बोटांनी दाबून पाहिला, तो दबला. ते बाद. उभा नळा धुराला चांगला, पण भाजायचं तर मधला भाग उचलून काढायचा, रोज कोण करणार? तोही बाद. राहिली केटल आणि अंडं. दुकानदार म्हणाला, शनिवारी सकाळी तो दुकानासमोर दोन-तीन पेटवून दाखवतो, या.

१५ एप्रिल

आज काही नाही. संध्याकाळी धाकटी वर आली होती, कोळशाबद्दल बोलायला. वड्या पाडलेला कोळसा सारखा जळतो, लाकडी कोळसा लवकर तापतो पण लहरी. साडेआठपर्यंत बसली. यांनी नंतर विचारलं, एका डब्यासाठी किती चर्चा? म्हटलं, पंधरा वर्षं टिकायला हवा. हे म्हणाले, "तो डबा ना?" यांचा स्वभावच चेष्टेखोर.

१८ एप्रिल, शनिवार

आजचा दिवस पूर्ण लिहायलाच हवा.

दुकानदाराने मोठी केटल आणि पिंप पेटवलं होतं. वर्तमानपत्राचा बोळा, त्यावर कोळशाने भरलेलं पत्र्याचं नळकांडं, वीस मिनिटांत निखारे तयार. रॉकेल नाही, फुंकर नाही. बघायला सात-आठ गिऱ्हाइकं. धाकटीने दप्तर उघडलं आणि कारखान्यातली तापमान मोजायची सळई बाहेर काढली, तारेला जोडलेल्या यंत्रासकट. साहेबांना विचारून आणली होती.

झाकणावरची तबकडी एकशे ऐंशी दाखवत होती. सळई जाळीवर ठेवली तर एकशे पंचेचाळीस. दुकानदार म्हणाला, तबकडी वर आहे, ऊन हवा वर जाते. धाकटी म्हणाली, मग खायचं वर ठेवायचं का? गिऱ्हाइकं हसली. तो बिचारा कान खाजवत राहिला.

मग तिने पिशवीतून पावाच्या कापांचे दोन पुडे काढले. दोन्हीच्या जाळीवर काप शेजारी शेजारी मांडले, झाकणं लावली, घड्याळ लावलं. चार मिनिटांनी उघडून काप जसे होते तसे टेबलावर ठेवले. पाहणाऱ्याला सगळं कळत होतं. पिंपात पेटीजवळचे काप काळेठिक्कर, मधले कुठे काळे कुठे गोरे, पलीकडचे कच्चे. केटलमध्ये निखारे एका बाजूला लोटले होते, तर अर्धे काप तांबूस आणि अर्धे फक्त गरम. मधली रेघ सरळ, मी आखली असती तरी एवढीच सरळ आली असती.

"ही प्रामाणिक आहे," धाकटी म्हणाली. "जिथे आच द्याल तिथेच देते. अर्ध्यावर भाजा, अर्ध्यावर शिजवा. धूर करायचा असेल तर वड्या कडेने अर्धगोल रचायच्या आणि एका टोकाला पेटवायच्या. जाळ पाच-सहा तास पुढे सरकत राहतो."

तिला असं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. दोन गिऱ्हाइकांनी तिथेच केटल घेतली. दुकानदाराने तिला विचारलं, शनिवारी येत जाल का? पिंप मात्र त्याने दुपारी आत नेऊन ठेवलं.

केटल ठरली, ऐंशी किलोचं अंडं बाद. आकार तेवढा ठरायचा आहे. घरी येताना तिने विचारलं, कितीची घेताय? म्हटलं, बघू.

२१ एप्रिल

कापणीच्या टेबलावर आज माझी एक रेघ चुकली. अठरा वर्षांत तिसऱ्यांदा. फक्त कागद गेला.

धाकटी सांगत होती, नव्या कारखान्यातली भट्टी काचेआडच्या खोलीतून चालते. पडद्यावर आकडे बघायचे, बटणं दाबायची. इथे तिला भोकातून आत डोकावून रंग बघता येतो, तांबडा, नारिंगी, मग पिवळट. मी म्हटलं, काचेआड बसायचं म्हणजे उकडणार नाही, बढतीचा फायदाच तो. तिकडच्या इमारतीत कोळसा पेटवायला परवानगीही नाही म्हणे. मी विजेवरच्या तव्याचं नाव सुचवलं.

खरं लिहायचं तर आज जिभेवर वेगळंच काही आलं होतं. गिळलं. माणसाची प्रगती होत असताना तिच्या वाटेत आडवं पडू नये. आणि मी कोण सांगणारी? आई नाही, बहीण नाही. न विचारता एकदा माप घेतलं होतं, तेवढं पुरे झालं.

२४ एप्रिल, शुक्रवार

केटल आणली. सत्तेचाळीसची. एकटीच गेले. घरात दोन माणसं असताना पाच जणांची घेणं म्हणजे ज्यांना जायचं आहे त्यांच्या गळ्यात दोरी टाकण्यासारखं झालं असतं. हिशेबाने, शहाणपणाने घेतली.

टेम्पोवाल्याने खोका अंगणात उतरवला तेव्हा धाकटी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. मी हाक मारली. ती आली, खोक्यावरचं वाचलं, "छान आहे" म्हणाली आणि आत गेली. कपडे अर्धे दोरीवरच राहिले.

दमली असेल. महिनाअखेर कारखान्यात कामाची घाई असते.

२६ एप्रिल, रविवार

खोका जिन्याखाली आहे. आज जोडायचा होता, पण जमलं नाही. वेळ नव्हता असं नाही. धाकटी परवापासून वर आलेली नाही. खालून खोकी ओढल्याचा आवाज येतो. भाऊजी पुस्तकं भरतायत. मी विचारलं मदत हवी का, तर म्हणाली, "नको ताई, होतंय." पुन्हा तेच सगळं व्यवस्थित.

अण्णा दुपारी जेवायला आले नाहीत. मी ताट घेऊन खाली गेले तर ते जिन्यापाशी चष्मा लावून खोका वाचत होते.

"दोन ते चार माणसांसाठी," त्यांनी वाचून दाखवलं. मग बोटांवर मोजलं. मी, तू, तो, हा, ती. पाचवं बोट तसंच उभं धरलं.

मी म्हटलं, अण्णा, ती जाणार आहे म्हणून.

"कोण म्हणालं?"

बढती आहे, म्हटलं. ते म्हणाले, "बढती साहेबांनी दिली. जा कुणी म्हटलं? महिनाभर ती पोर तुला सांगतेय अंगण नाही, काच आहे, कोळसा नाही. आणि तू तिला वारा सांगतेस, तवा सांगतेस. परवा तर खोकाच आणून दाखवलास."

ते ताट घेऊन आत गेले. मी वर येऊन ही वही उघडली.

मागची पानं आत्ता वाचून काढली. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

२८ एप्रिल, मंगळवार

अर्धी रजा टाकली. खोका परत टेम्पोत, टेम्पो दुकानात. दुकानदाराने खोक्याच्या चारी पट्ट्या तपासल्या, फोडलेल्या नव्हत्या. तरी म्हणाला, "ताई, तुम्ही कागदसुद्धा कापून बघितले होते ना?" म्हटलं, बार्बेक्यूचं माप बरोबर होतं, घराचं चुकलं. त्याने गडीमाणसाला हाक मारून सत्तावन्नची काढायला सांगितली.

चारला धाकटी आली तेव्हा मोठा खोका अंगणाच्या बरोबर मध्ये होता. वळसा घातल्याशिवाय दार उघडता येणार नाही अशा जागी. मी वाक्य पाठ केलं होतं, ते आठवेना.

"मोठा आणलाय," मी म्हटलं. "पाच माणसांचा. तू गेलीस तर पुन्हा बदलायला जावं लागेल आणि दुकानदार आता मला दारात उभं करणार नाही."

तिने खोक्याकडे पाहिलं. "म्हणजे थांब म्हणताय का?"

"म्हणतेय."

"बढती जाईल."

"माहीत आहे. म्हणून तर बोलत नव्हते. तुला जायचं असेल तर जा, मी डबा करून देईन. पण मला विचारशील तर जाऊ नकोस."

ती खोक्यावर बसली. म्हणाली, मला त्या काचेआड जायचंच नव्हतं, पण सगळे असे अभिनंदन करत सुटले की नको म्हणायला तोंड राहिलं नाही. घरातलं एक माणूस जरी थांब म्हणालं असतं तर त्याच दिवशी नकार कळवला असता. मी म्हटलं, भाऊजी? ती म्हणाली, ते म्हणतात तू म्हणशील तसं. "तुम्हाला चोवीस दिवस लागले, ताई. कागदाचे बार्बेक्यू एका दिवसात झाले."

कापणीच्या कात्रीने मी खोक्याच्या पट्ट्या कापल्या. पाय जोडेपर्यंत अंधार पडला.

३० एप्रिल

तिने लेखी नकार कळवला. साहेब म्हणाले, पुन्हा अशी संधी दोन-तीन वर्षं तरी नाही. संध्याकाळी एकटीच पायरीवर बसली होती. मी काही समजावलं नाही. चहा केला आणि शेजारी बसले.

भाऊजी पुस्तकांची अकरा खोकी पुन्हा उघडतायत. त्यांचं म्हणणं, हे आम्ही पुस्तकं भरायच्या आधी ठरवायला हरकत नव्हती.

३ मे, रविवार

पहिला बार्बेक्यू. सकाळी अकराला वड्या कडेने अर्धगोल रचल्या, टोकाला पेटवल्या, वर फळझाडाच्या लाकडाचे दोन तुकडे. मधोमध ॲल्युमिनियमच्या भांड्यात पाणी, वर अख्खी कोंबडी. धाकटीचं म्हणणं, वरची झडप पूर्ण उघडी ठेवायची आणि खालच्या झडपेने आच सांभाळायची. माझं म्हणणं, धूर आत राहायला हवा तर वरची बंदच बरी. मी ती हळूच लावून टाकली. तिने ती उघडली. मी पुन्हा लावली.

मग तिचा पारा चढला. म्हणाली, "तुम्ही जन्मभर कापड कापलंय, मी जन्मभर भट्टी सांभाळलीय. झडपेला हात लावायचा नाही." मी म्हटलं, केटल माझी आहे. ती म्हणाली, अंगण दोघींचं आहे. मी म्हटलं, नऊ वर्षं मी इथे स्टूल ठेवलं नाही. ती म्हणाली, ठेवायचं होतं, कुणी धरलं होतं? आणि तो कोट खांद्यात घट्ट होता, नऊ वर्षं कपाटात ठेवलाय, सैल करून द्या. मी म्हटलं, तेव्हाच का बोलली नाहीस? आवाज एवढा चढला की हे वरून खिडकीत आले आणि भाऊजी पुस्तक घेऊन आत गेले. अण्णांनी खुर्ची जरा पुढे ओढून घेतली.

अडीचला जेवलो. कणसं, ढोबळी मिरची, बटाटे बाजूला निखाऱ्यावर भाजून घेतले. पाच जणांचं एकाच वेळी झालं, कुणी थांबलं नाही. अण्णांनी दोनदा घेतलं आणि मीठ कमी आहे म्हणाले.

कोंबडीच्या डाव्या अंगाला धुराचा कडवटपणा उतरला होता. मी झडप लावून ठेवली होती तेवढ्या वेळाचा. उजवं अंग उत्तम. डावं मी मुकाट्याने माझ्या ताटात घेतलं, आणि तिने विचारलं तेव्हा मला कडवटच आवडतं असं सांगितलं.